नस्तर लावण्यापूर्वी

केळापूर हे गाव आणि केळापूर हा तालुका यांचे नाते मोठे मौजेचे आहे. जगदंबेचे देवालय केळापूरला, तालुक्याला नावही त्याच गावाचे. परंतु तहसील कचेरी आणि सरकारी दवाखाना मात्र शेजारच्या पांढरकवड्यास. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला आणि ज्या जिल्ह्यात केळापूर मोडते, तो वून जिल्हा १९०५ साली यवतमाळ झाला; दप्तरे अशी बदलत गेली तरी तालुक्याचे नाव तेच राहिले.

या मुलखात पूर्वी गळू फोडावे न्हाव्याने, निखळलेला सांधा बसवावा हाडवैद्याने, आणि त्याहून अवघड काम असेल तर जर्राहास बोलवावे, अशी रीत होती. त्यांची विद्या तोकडी असेल. परंतु ते रोग्याच्या ओळखीतले असत, आणि हातातल्या वस्तऱ्याआधी घरोब्याचा भरवसा त्यांच्यापुढे चालत असे. बदलीवर आलेल्या सरकारी डॉक्टरापाशी शास्त्र होते, हा पिढीजात भरवसा नव्हता. वऱ्हाडी, गोंडी, कोलामी, बंजाऱ्यांची गोरमाटी आणि पैनगंगेपलीकडची तेलुगू इतक्या बोली जेथे नांदतात, तेथे तो शब्दाने कमवावा लागे.

हे मर्म आपल्या पूर्वसूरींना अज्ञात नव्हते. सुश्रुताने शल्यवैद्याच्या अंगी धैर्य, हस्तलाघव, घाम न फुटणे, हात न थरथरणे आणि बुद्धी न गोंधळणे हे गुण सांगितले. पण तेवढ्यावर न थांबता, व्यवसायात पदार्पण करणाऱ्याची नखे कापलेली, वस्त्र स्वच्छ, मुद्रा प्रसन्न आणि वाणी निष्कपट असावी, असेही बजावले. आईबापांविषयी साशंक होणारा रोगीसुद्धा वैद्यावर विश्वास टाकतो, म्हणून वैद्याने त्यास पुत्रवत् सांभाळावे, हा त्याचा उपदेश आहे.

१७९४ च्या लंडनच्या एका मासिकात पुण्याजवळची एक हकीकत छापून आली. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नामक गाडीवानास, विटा घडविणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाची कातडी उतरवून नवे नाक बसविले. युरोपास त्या कौशल्याचा अचंबा वाटला. मला अचंबा वाटतो तो गुंगीच्या औषधाविना कपाळ पुढे करून स्थिर राहिलेल्या त्या गाडीवानाचा आणि त्यास स्थिर ठेवणाऱ्या त्या अनामिक कारागिराच्या वाणीचा.

१८४६ मध्ये बोस्टन येथे ईथरचा यशस्वी प्रयोग झाला आणि वेदनेबरोबर घाईचीही निकड ओसरली. परंतु विश्वासाची निकड उलट वाढली, कारण पूर्वीचा रोगी निदान जागा राहून शस्त्र पाहत असे, आताच्या रोग्यास शुद्ध हरपण्यापूर्वीच आपला देह परक्याच्या स्वाधीन करावा लागतो. २०१९ पासून वैद्यकीय अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचे रीतसर पाठ आले, ते उचितच झाले. एखाद्या कोलाम वृद्धेने संमतिपत्रावर अंगठा उठविला, तरी काय कापले जाणार आणि का, हे तिला उमजेल अशा बोलीत कोणी सांगितले नसेल, तर तो अंगठा केवळ शाईचा ठसा होय.

केळापूरचे नाव एका गावी आणि कारभार दुसऱ्या गावी, तसेच काहीसे शल्यविद्येचे आहे: नाव शस्त्राचे झाले, पण तिचा निम्मा कारभार शस्त्र पेटीबाहेर निघण्यापूर्वी, खाटेशेजारच्या स्टुलावर बसूनच उरकावा लागतो.