भरवशाची गाडी कोणती? पद्मिनी, प्यूजो आणि परभणीचा एक रस्ता

(१/१२) माझे बाबा परभणीहून जिंतूर रस्त्यावरील एका शाळेत रोज दुचाकीने जातात. निवृत्तीला अजून काही वर्षे आहेत आणि पाठ आता साथ देत नाही. त्यामुळे घरात सध्या एकच विषय चालू आहे: वापरलेली का होईना, पण 'भरवशाची' छोटी सेडान घ्यायची. काकांनी निकाल देऊन टाकला, "पद्मिनीसारखी गाडी पुन्हा होणे नाही!" इतिहासाच्या विद्यार्थ्याने असे वाक्य तपासल्याशिवाय सोडू नये. आजचा धागा त्या तपासणीचा.

(२/१२) प्रारंभ सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्यापासून. जहाजे आणि विमाने या दोन्ही उद्योगांत हात घातल्यानंतर त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. मुंबईच्या कुर्ल्यातील कारखान्यात आधी अमेरिकेच्या क्रायस्लर समूहाच्या गाड्यांची जुळणी झाली. पन्नासच्या दशकात इटलीच्या फियाटच्या छोट्या गाड्या आल्या. त्याआधी, १९४२ मध्ये, बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स उभी राहिली होती.

(३/१२) त्या काळी परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. सामान्य माणसाचा लांबचा प्रवास म्हणजे मनमाड-हैदराबाद मार्गावरची मीटरगेज रेल्वे, किंवा निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ पासून संस्थानात सुरू केलेली बससेवा. नोकरीसाठी रोज स्वतःच्या मोटारीने जाणे ही कल्पनाच मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर होती. कुर्ल्याची छोटी गाडी पुढे याच वर्गाचे स्वप्न झाली.

(४/१२) ती गाडी म्हणजे फियाट ११००. साठच्या दशकात ती 'डिलाइट' झाली, सत्तरच्या दशकात आधी 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि मग 'प्रीमियर पद्मिनी'. इंजिन १०८९ सीसीचे, गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ, पुढची बैठक सलग बाकासारखी आणि लांबी चार मीटरपेक्षा किंचित कमी. हा शेवटचा तपशील लक्षात ठेवा, तो पुन्हा लागणार आहे.

(५/१२) आता काकांचे वाक्य. पद्मिनी बिघडत नसे काय? बिघडत असे, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर हमखास. इंजिनाच्या उष्णतेने नळीतील पेट्रोलची वाफ होई, पंपाला ती पुढे ढकलता येत नसे आणि गाडी रस्त्यातच थांबे. याला 'व्हेपर लॉक' म्हणत. उपाय घरगुती होता: पंपावर ओले फडके ठेवायचे आणि वाट पाहायची. आजच्या गाड्यांत पंप टाकीतच असतो आणि पेट्रोल दाबाखाली पुढे जाते, म्हणून त्या फडक्याची गरज उरलेली नाही.

(६/१२) मग तिला भरवशाची का म्हणत? कारण तिचा मूळ आराखडा तीन दशकांहून अधिक काळ जवळजवळ तसाच राहिला. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींत तीच असल्याने सुट्या भागांना कायम मागणी होती. एका पिढीचा मेकॅनिक जे शिकला तेच दुसऱ्या पिढीला उपयोगी पडले. गाडी थांबली तरी ती पुन्हा चालू करणारा माणूस जवळ सापडे. भरवसा यंत्राइतकाच त्या माणसावर होता.

(७/१२) या आठवणीला दुसरी बाजू आहे. १९५३-५४ मध्ये सरकारी धोरणामुळे जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी भारतातील जुळणी बंद केली. त्यानंतर मोटार घेणाऱ्यापुढे मुख्यतः तीनच दारे उरली: कुर्ल्याची फियाट, बिर्लांची अ‍ॅम्बेसेडर आणि मद्रासची स्टँडर्ड. १९५९ च्या आदेशाने विक्री-वाटपही सरकारी नियंत्रणाखाली आले. नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. ज्याला पर्याय नसतो, तो हाती आलेल्या वस्तूवर प्रेम करायला शिकतो. आराखडा तसाच राहिला त्यामागे स्पर्धेचा अभावही होता.

(८/१२) याचा पुरावा डिसेंबर १९८३ मध्ये मिळाला. मारुती ८०० आली आणि ग्राहकांनी मोठ्या संख्येने तिकडे धाव घेतली. पद्मिनी खरोखरच अतुलनीय असती तर असे झाले नसते. तिचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण करून ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली.

(९/१२) आता त्याच कंपनीची दुसरी गाडी पाहू. नव्वदच्या दशकात प्रीमियरने फ्रान्सच्या प्यूजोशी भागीदारी करून कल्याणच्या कारखान्यात 'प्यूजो ३०९' तयार केली. पद्मिनीपेक्षा ती कितीतरी आधुनिक होती. परंतु कामगारांचे तंटे आणि भागीदारांतील बेबनाव यांमुळे काही वर्षांतच प्यूजो निघून गेली. चांगली गाडी दारात उभी आणि तिचे सुटे भाग मिळवताना मालकाची दमछाक, अशी अवस्था झाली. कंपनी तीच, राज्य तेच. कमी पडले ते गाडीमागचे जाळे.

(१०/१२) आजच्या छोट्या सेडानची लांबीही इतिहासानेच ठरवली आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि ठरावीक इंजिनक्षमतेच्या गाड्यांवरील उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आले. मग पुण्याच्या टाटा मोटर्सने २००८ मध्ये इंडिगो सीएस ही आखूड सेडान आणली. डिझायर, अमेझ अशा गाड्याही पुढे याच मापात बसल्या. आखूड डिकीमागे करपद्धती आहे. योगायोग असा की पद्मिनीही याच मापात बसली असती.

(११/१२) म्हणून बाबांसाठी मी चार प्रश्न काढले. हे मॉडेल आपल्या भागात पुरेशा संख्येने आहे काय? त्याचे उत्पादन चालू आहे काय, नसल्यास सुटे भाग कोठून येतील? शहराबाहेरच्या मेकॅनिकला ते उघडता येते काय? आणि चौथा, खास आपल्या मातीचा: गाडी जमिनीपासून पुरेशी उंच आहे काय? काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि वरचा रस्ता खचतो. सेडानचे पोट तेथेच घासते. मायलेज आणि रंग यांचा विचार त्यानंतर.

(१२/१२) काल बाबांनी यादी वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "उद्या शाळेत जाताना रस्त्यावरच्या गॅरेजवाल्याला विचारतो, तुझ्या फळीवर कोणत्या गाडीचं सामान आहे?" मला वाटते, माझ्या चारही प्रश्नांचे सार या एका प्रश्नात आले. काकांची पद्मिनीही याच कसोटीवर भरवशाची ठरली होती. तुमच्या घरातील पहिली मोटार कोणती होती आणि ती बिघडल्यावर कोण धावून येत असे? वडीलधाऱ्यांना विचारून अवश्य लिहा. तो माणूस इतिहासात सहसा नोंदला जात नाही.