कादंबरींतील घर आणि जव्हारची वाट

जव्हारला शिकविणाऱ्या एका बाईंनीं मध्यंतरीं मला विचारलें कीं, कॉलेजांत जाणाऱ्या मुलींना वाचावयास देण्यासारख्या, स्त्रियांनीं लिहिलेल्या दहा कादंबऱ्यांचीं नांवें सुचवा. काम सोपें वाटलें. एका बैठकींत यादी झाली. ती वाचून दाखविली तेव्हां बाईंनीं एवढेंच म्हटलें, "यांतली एकादी नायिका दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाते का?" मुलींपैकीं बहुतेक वारली, कोकणा, महादेव कोळी घरांतल्या, भात-नाचणी घरांत आली कीं त्यांच्या आया भिवंडी-वसईकडे कामाला निघतात. मीं यादी घडी करून खिशांत ठेवली. मात्र आपल्या कादंबरीला त्या वाटेनें जावयास इतका उशीर कां झाला, हा विचार मनांतून जाईना.

मराठींतली पहिली कादंबरी जी 'यमुनापर्यटन' (१८५७), ती स्त्रीच्या दुःखावरच लिहिलेली आहे. लिहिणारे मात्र बाबा पदमनजी. स्त्रीनें लिहिलेली पहिली कादंबरी म्हणून साळूबाई तांबवेकरांच्या 'चंद्रप्रभाविरहवर्णना'चा (१८७३) मान आहे, परंतु ती आज इतिहासकारांखेरीज कोणी उघडीत नाहीं, आणि तसा आग्रहही मी धरणार नाहीं. मला अधिक मोलाची वाटते ती एक वाचक. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. तींत त्यांनीं 'मुक्तामाला', 'मनोरमा' यांसारखीं त्या काळचीं गाजलेलीं पुस्तकें हातीं घेऊन, पुरुष आमचीं चित्रें काढतात तीं खरीं आहेत काय, असा रोखठोक सवाल टाकला. मराठी स्त्रीनें केलेली कादंबरीची परीक्षा ही येथपासून धरावी. जव्हारच्या बाईंचा प्रश्न त्याच घराण्यांतला आहे.

काशीबाई कानिटकर (१८६१-१९४८) यांचें लग्न झालें तेव्हां त्यांना अक्षरओळख नव्हती. त्या पुढें घरांतल्या वडील माणसांच्या नजरा चुकवून वाचावयास शिकल्या. हरि नारायण आपट्यांशीं त्यांचा स्नेह होता, आणि 'पण लक्षांत कोण घेतो?' मधली यमू स्वतःच्या तोंडानें बोलते त्याला ह्या स्नेहाचें थोडें तरी साह्य झालें असावें, असें मला नेहमीं वाटतें. त्यांची 'रंगराव' १९०३ ची. परंतु थांबावें तें 'पालखीचा गोंडा' (१९२८) ह्या कादंबरीपाशीं. तींत एका संस्थानाचा कारभार स्त्रियांच्या हातीं येतो व चांगला चालतो. हें पुस्तक निघालें त्या वेळीं जव्हार हें खरोखरीचें संस्थान होतें. मुकण्यांच्या गादीवर अल्पवयी यशवंतराव होते. संस्थान मुंबई प्रांतांत विलीन व्हावयास अजून वीस वर्षें होतीं. काशीबाईंच्या संस्थानांत राजवाडा आहे, दरबार आहे, सुधारणा आहेत. डोंगरांतल्या पाड्यांतून शेतसारा कसा येतो, हें मात्र त्यांच्या कल्पनेच्या कक्षेंत आलेलें नाहीं. हा दोष एकट्या काशीबाईंचा नव्हे.

मग १९३३ सालीं विभावरी शिरूरकरांचे 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले आणि महाराष्ट्र हादरला. लेखिका कोण, ह्याचीच चर्चा पुस्तकाहून अधिक झाली. लोक नांव शोधीत राहिले व पुस्तक हातोहात फिरत राहिलें. दुसऱ्या वर्षीं 'हिंदोळ्यावर' आली. नवऱ्यानें टाकलेल्या अचलेला मूल हवें असतें, आणि समाज तिला तो हक्क देत नाहीं. गीता साने यांच्या १९३६ च्या 'निखळलेली हिरकणी'ची नायिका त्याहून तडफदार. शिकलेल्या मुलीचें एकटेपण, तिची नोकरी, तिच्या मिळकतीवर डोळा ठेवणारें घर, हें सारें ह्या पुस्तकांनीं प्रथम मोकळेपणानें मांडलें, आणि जव्हारच्या मुलींनाही त्यांतलें पुष्कळ ओळखीचें वाटेल. शिक्षण घेतलेल्या मुलीचा कोंडमारा पुण्यापुरताच नाहीं. पण ह्या घरांत भांडीं घासावयास येणारी बाई बहुधा नांवाशिवाय येते व नांवाशिवाय जाते. कुसुमावती देशपांडे यांनीं 'मराठी कादंबरी : पहिले शतक' (१९५३-५४) ह्या ग्रंथांत शंभर वर्षांचा आढावा घेतला. पुढें १९६१ सालीं ग्वाल्हेरच्या साहित्यसंमेलनाच्या त्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष झाल्या. त्यांच्याइतकी समतोल वाचक विरळा, आणि तो ग्रंथ आजही कादंबरी वाचणाराच्या हातीं असावा.

विभावरीच घराबाहेर पडल्या. 'गुन्हेगार' ठरविलेल्या जमातींच्या तारांच्या कुंपणांतील वसाहतींवर मालतीबाई बेडेकर ह्या खऱ्या नांवानें त्यांनीं अधिकारी म्हणून काम केलें होतें. त्यांतून 'बळी' (१९५०) झाली. पाहणारी नजर अधिकाऱ्याची आहे, हें कांहीं ठिकाणीं जाणवतें. तरी त्यांच्या सर्व पुस्तकांत मी हिलाच प्रथम हात घालीन. गोदूताई परुळेकरांचें 'जेव्हां माणूस जागा होतो' (१९७०) ही कादंबरी नव्हे, १९४५ च्या वारली उठावाची स्वानुभवकथा आहे. पण ती वाचतांना पुष्कळ कादंबऱ्या फिक्या पडतात. वेठबिगारीनें वाकलेलीं माणसें तींत सावकारासमोर ताठ उभीं राहतात, आणि तीं तलासरी-डहाणूकडचीं, म्हणजे जव्हारच्या मुलींच्या सोयऱ्यांचींच गांवें.

कविता महाजन (१९६७-२०१८) यांची 'ब्र' २००५ ची. पंचायतींत एक-तृतीयांश जागा स्त्रियांना देणारी १९९२ ची घटनादुरुस्ती होऊन दशक लोटलें होतें. संसार मोडलेली प्रफुल्ला एका संस्थेच्या कामानिमित्त आदिवासी भागांत हिंडते आणि निवडून आलेल्या बायकांना भेटते. ब्र काढूं नये असें जिला शिकविलें, ती सरपंच झाल्यावर काय बोलते, हा विषय. रचना जराशी विस्कळित आहे, अहवालासारखे भाग आहेत. मला ते खटकले नाहींत. ज्या बाईचें म्हणणें कोणी लिहून घेतलें नव्हतें तिचें तें लिहून घेणें, एवढें तरी त्यांनीं साधलें. त्याच महाजनांनीं वारली लोकगीतेंही संपादिलीं, हा योगायोग म्हणतां येणार नाहीं. वारल्यांचें लग्न धवलेरी लावते, आणि धवलेरी ही स्त्री असते. तिचीं गाणीं झाल्यावांचून लग्न लागत नाहीं. म्हणजे भर मांडवांत स्त्रीनें अधिकारानें कथा सांगावी आणि सर्वांनीं ती ऐकावी, ही रीत जव्हारच्या पाड्यांना छापील कादंबरीनें शिकविलेली नाहीं.

दुसऱ्या खेपेस मीं यादी उलट्या क्रमानें केली: प्रथम 'ब्र', मग गोदूताई, मग 'बळी', आणि तेथून मागें विभावरी व गीता साने, 'रंगराव' गाळली. बाईंनीं यादी पाहिली, आणि सर्वांत आधीं मागितली ती 'पालखीचा गोंडा'. जव्हारचा राजवाडा मुलींनीं रोज पाहिलेला आहे. त्यांत बायकांनीं राज्य केलें असतें तर काय झालें असतें, ह्यावर त्यांच्यांत वाद होईल, असें त्या म्हणाल्या. माझ्यापाशीं एकच प्रत होती, तिची शिवण सुटलेली. ती दोऱ्यानें बांधून दिली आहे.