डब्याखालचा उजेड
काचीगुड्याचे स्थानक १९१६ साली निजामाच्या राजवटीत उभे राहिले. पुढे बराच काळ रेल्वेच्या डब्यांतील दिव्यांची मदार आसावर पट्ट्याने फिरणाऱ्या जनित्रावर असे. गाडी थांबली की जनित्रही थांबे. मग कडेवर मूल घेऊन उतरणाऱ्या मातेला पायरी दाखवी ती डब्याखालची शिशाची बॅटरी! असा घट फ्रान्सच्या प्लांते यांनी १८५९ साली सिद्ध केला. दोन व्होल्टचे बारा घट धनाला ऋण असे ओळीने जोडले की चोवीस व्होल्ट मिळतात. समान ध्रुव जोडल्यास व्होल्ट तेच राहून साठा वाढतो. आज फिरते घर घेऊन रानात मुक्काम करणाऱ्यालाही हाच नियम. शिशाचा साठा निम्म्याहून अधिक उपसू नये. आधी रात्र मोजावी, मग बॅटरी निवडावी.