विमानाच्या पत्र्याची बोट आणि घरचा कारखाना

अमेरिकेतल्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन अशा तळ्यांच्या राज्यांत घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये जुनी अ‍ॅल्युमिनियमची मासेमारीची बोट उपडी घालून दुरुस्त करण्याचा रिवाज चांगला रुळलेला आहे. बोट बहुधा बारा ते सोळा फुटांची असते, 1950 ते 1970च्या दशकांत कधीतरी बांधलेली. रंग उडालेला, बाके कुजलेली, सांध्यांतून पाणी झिरपणारे. नौकांच्या इतिहासात या बोटीला फारसे स्थान मिळालेले नाही. लाकडी होडीचे कौतुक होते, कारण तिच्यात सुताराचा हात दिसतो. अ‍ॅल्युमिनियमची बोट मात्र कारखान्यातून निघालेला एकसारखा माल समजली जाते. तिची घरी डागडुजी करणे म्हणजे हौस किंवा काटकसर, यापलीकडे त्याकडे कोणी पाहत नाही. मला हे मत चुकीचे वाटते. ही बोट ज्या विमानउद्योगातून जन्मली, त्या उद्योगाने तिच्या बांधणीतच दुरुस्तीची सोय ठेवली होती, आणि तिच्या आयुष्याचा उत्तरार्ध कारखान्याबाहेर सामान्य माणसाच्या हाती जाणार हेही त्या बांधणीनेच ठरवले. म्हणून घरी चाललेले हे काम या व्यवसायाच्या इतिहासाचाच भाग आहे.

धातूपासून सुरुवात करावी लागते. 1886 साली ओहायोतल्या ओबर्लिन इथे चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी स्वतंत्रपणे विजेच्या साहाय्याने अ‍ॅल्युमिनियम वेगळे काढण्याची रीत शोधली, तोवर हा धातू चैनीची वस्तू होता. 1884 मध्ये वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर अ‍ॅल्युमिनियमचा छोटा पिरॅमिड बसवला गेला तेव्हाही हा धातू दुर्मिळच होता. भाव कोसळताच नौकाबांधणाऱ्यांचे लक्ष त्याकडे गेले, आणि तिथेच पहिला मोठा धडा मिळाला. 1895च्या अमेरिकाज कप शर्यतीसाठी नॅथनेल हेरेशॉफ यांनी ‘डिफेंडर’ ही नौका बांधली. पाण्याखालचे पत्रे कांस्याचे, वरचे अ‍ॅल्युमिनियमचे, आतल्या फासळ्या पोलादाच्या. नौका जिंकली, पण तिचे अंग लवकरच झिजू लागले. खारे पाणी आणि त्यात एकमेकांना टेकलेले दोन वेगळे धातू म्हणजे एक विद्युतघट, आणि त्यात झिजते ते अ‍ॅल्युमिनियम. काही वर्षांतच ती मोडीत निघाली. दुसऱ्या महायुद्धापूर्वीही अ‍ॅल्युमिनियमच्या बोटी होत्याच, मग विमानउद्योगाला श्रेय कशाला, असा आक्षेप घेतला जातो, त्याचे उत्तर या उदाहरणात आहे. धातू होता, पण पाण्यात टिकणारे मिश्रधातू, ते जोडण्याची खात्रीची रीत आणि ती रीत जाणणारे हजारो हात हे तिन्ही एकत्र आलेले नव्हते.

ते एकत्र आले दुसऱ्या महायुद्धात. 1939 ते 1943 या चारच वर्षांत अमेरिकेतले अ‍ॅल्युमिनियमचे उत्पादन पाचपटीहून अधिक वाढले. त्यातले बहुतेक विमानांत गेले. युद्धकाळात त्या देशाने तीन लाखांच्या आसपास विमाने बांधली, आणि त्यांतली बहुसंख्य पत्रा, फासळी आणि रिव्हेट या तीन गोष्टींवर उभी होती. ज्यांनी आयुष्यात कधी हातोडी धरली नव्हती अशा लाखो स्त्री-पुरुषांना थोड्या प्रशिक्षणावर रिव्हेट मारायला शिकवले गेले. एकजण बाहेरून हवेच्या दाबाची बंदूक धरतो, दुसरा आतून जड लोखंडी ठोकळा टेकवतो. रिव्हेटचा दांडा दबून भोकात फुगतो आणि दोन पत्रे घट्ट आवळले जातात. युद्ध संपले तेव्हा हे कसब, यंत्रे आणि धातू सगळे एकदम मोकळे झाले. सरकारी खर्चाने उभारलेले अ‍ॅल्युमिनियमचे कारखाने अल्कोआ कंपनीची मक्तेदारी मोडण्यासाठी रेनॉल्ड्स आणि कायझर या कंपन्यांच्या हाती देण्यात आले, आणि विमानांची मागणी आटल्यावर या सगळ्यांना पत्रा खपवण्यासाठी नव्या वस्तू हव्या होत्या. ‘हेलकॅट’ हे लढाऊ विमान बांधणाऱ्या ग्रमन कंपनीतले अधिकारी विल्यम हॉफमन 1944 मध्ये अ‍ॅडिरॉन्डॅकच्या डोंगरांत होडीसफरीला गेले होते. लाकूड आणि किंतानाची जड होडी तळ्यातळ्यांमधून खांद्यावर वाहताना त्यांना विमानाच्या पत्र्याची होडी सुचली, आणि लाँग आयलंडवरच्या बेथपेज इथे, लढाऊ विमाने जिथे बनत त्याच कंपनीत, ती आकाराला आली. पुढे 1952 मध्ये हे काम न्यूयॉर्क राज्यातल्याच मॅरेथॉन या छोट्या गावी हलले. मिनियापोलिसमध्ये 1946 साली अ‍ॅल्युमाक्राफ्टची सुरुवात झाली, ती नक्षीदार लोखंडी काम करणाऱ्या एका जुन्या कारखान्याची शाखा म्हणून. 1948 मध्ये न्यूयॉर्क मिल्स या मिनेसोटातल्या गावी हॉवर्ड लुंड यांनी बदकांच्या शिकारीसाठी स्वतःच्या गॅरेजमध्ये अ‍ॅल्युमिनियमची होडी बांधली; त्यातून लुंड बोटी उभ्या राहिल्या. म्हणजे या धंद्यातल्या एका मोठ्या नावाचा उगमच घरच्या गॅरेजमध्ये आहे.

यावर जाणकार एक गंभीर आक्षेप घेतात. बोटी खपल्या त्या विमानांमुळे नव्हे, तर मोटारगाडी, पगारी सुट्टी आणि ओले एव्हिनरूड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळवलेल्या आउटबोर्ड इंजिनामुळे. धरणांमागे पसरलेले नवे जलाशय, 1950च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याने गळ-काठीवरच्या करातून मत्स्यसंवर्धनाला मिळालेला पैसा, या सगळ्यांनी हौशी मासेमार वाढवला. हे सगळे खरे आहे. दोन माणसांनी उचलून गाडीच्या टपावर टाकता येईल इतकी हलकी बोट त्या काळाला हवीच होती, आणि पोलादाच्या जेमतेम एक-तृतीयांश वजनाचा हा धातू त्यासाठी नेमका होता. पण मागणीने बोटी किती खपल्या हे कळते, त्या तशाच का बांधल्या गेल्या हे कळत नाही. वितळजोडणीचा पर्याय तेव्हा नव्याने आला होता; अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम जोडण्यासाठी हेलियम वायूच्या आवरणाखालची रीत नॉर्थरॉप या विमानकंपनीतच 1941च्या सुमारास विकसित झाली होती. तरीही पुढची कित्येक दशके बहुतेक छोट्या बोटी रिव्हेटनेच जोडल्या गेल्या. दीड मिलिमीटरच्या आसपासचा पत्रा ज्योतीसमोर चटकन वितळून पडतो, आणि उष्णतेने सांध्याभोवतीचा धातू नरम पडतो. रिव्हेटला उष्णता लागत नाही आणि तो मारणारे हात गावोगाव उपलब्ध होते. बोटीचा आकार बाजाराने नव्हे, विमानाच्या कारखान्याने ठरवला.

आणि रिव्हेटचा सांधा उलटाही उलगडता येतो, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. वर्षानुवर्षे लाटांचे दणके आणि ट्रेलरवरचे हादरे खाऊन रिव्हेट किंचित सैल होतो, पाणी झिरपते. घरी काम करणारी माणसे बोट ट्रेलरवर ठेवून आत पाणी भरतात आणि बाहेरून जिथे थेंब दिसेल तिथे खूण करतात. मग जोडीने बसून, एक बाहेर एक आत, सैल रिव्हेट पुन्हा ठोकून आवळतात. फारच झिजला असेल तर डोके छिद्रून काढतात आणि थोडा जाड रिव्हेट बसवतात. 1943 साली विमानाच्या पंखापाशी दोन कामगार जे करत, तेच हे काम आहे, बहुतेक तशाच अवजारांनी. रंगकामातही हीच वंशावळ दिसते. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर हवेचा स्पर्श होताच ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि साधा रंग त्यावर धरत नाही. म्हणून विमानांत झिंक क्रोमेटचा पिवळट-हिरवा अस्तर-रंग वापरला जाई आणि तोच जुन्या बोटींतही सापडतो. त्यातले क्रोमियम आरोग्याला घातक आहे, तेव्हा असा थर कोरडा घासून धूळ उडवणे हे कोणीही करू नये.

‘अ‍ॅल्युमिनियम कुजत नाही’ हे वाक्य अपुरे आहे, आणि सगळा गैरसमज त्यातूनच येतो. पत्रा कुजत नाही, बोट कुजते. आउटबोर्ड इंजिन मागच्या आडव्या भिंतीवर, म्हणजे ट्रान्समवर टांगलेले असते आणि इंजिनाचा सगळा रेटा तिथेच येतो. नुसता पत्रा तो पेलत नाही, म्हणून दोन पत्र्यांमध्ये प्लायवुड घातले गेले. बोल्टच्या भोकांतून पाणी आत गेले की लाकूड भुसभुशीत होते, बाहेरून मात्र पत्रा चकचकीत राहतो. बाकांखाली तरंगण्यासाठी भरलेला फोम पाणी शोषून जड होतो. म्हणजे बोटीचा सांगाडा आणि त्वचा पन्नास-साठ वर्षे टिकतात आणि आतले अवयव वीस-तीस वर्षांत संपतात. आयुर्मानातली ही तफावत बांधणाऱ्यांनीच निर्माण केली, आणि ती भरून काढण्याचे काम मालकाकडे आले. ‘डिफेंडर’ची चूकही इथे नव्या रूपात परत येते. 2003 अखेरपर्यंत अमेरिकेत घरगुती वापराच्या रसायनयुक्त लाकडात आर्सेनिक असे. ते बंद झाल्यावर आलेल्या लाकडात तांब्याचे प्रमाण बरेच वाढले. असे ओलसर प्लायवुड पत्र्याला टेकले की तांबे अ‍ॅल्युमिनियमला खाऊ लागते. जाणती माणसे म्हणून साधे बाह्यवापराचे प्लायवुड घेऊन त्याला सर्व बाजूंनी, भोकांच्या आतूनही, इपॉक्सीचे लेप देतात, आणि स्क्रू-बोल्ट बसवताना दोन धातूंमध्ये सीलंटचा थर राखतात. पितळेचा एखादा स्क्रूसुद्धा इथे शत्रू आहे.

हौशी माणसाने हे करावे का, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, कारण इथे जिवाचा प्रश्न आहे. 1971च्या संघीय नौकासुरक्षा कायद्यानंतर अमेरिकेत बोटीची भारक्षमता आणि तरंगण्याची क्षमता यांचे नियम आले. फोम हा त्या सुरक्षेचा कणा आहे: बोट उलटली किंवा भरली तरी ती माणसांसकट पाण्यावर राहावी एवढ्यासाठी तो असतो. ओला फोम काढून टाकणे आणि तिथे सामानाचा कप्पा करणे ही घरच्या कामातली खरी धोकादायक चूक आहे, आणि ती होते. तसेच जुन्या बोटीवर तिच्या पाटीवरच्या मर्यादेपेक्षा मोठे इंजिन चढवणेही. पण हे अज्ञानाचे दोष आहेत, रीतीचे नव्हेत. जेवढ्या घनफळाचा फोम निघाला, निदान तेवढाच बंद-पेशीचा नवा बसवला की बोट पूर्वीपेक्षा अधिक सुरक्षित होते. पैशाच्या हिशेबाचा आक्षेप मात्र मी मान्य करते. मजुरी धरली तर दुरुस्त केलेली बोट क्वचितच स्वस्त पडते. आणि वितळजोडणीच्या जाड पत्र्याच्या बोटी आता अनेक बाबतींत सरस आहेत, हेही खरे. 1978 मध्ये बास ट्रॅकरने बोट, इंजिन आणि ट्रेलर एकाच किमतीत विकायला सुरुवात केल्यापासून नवी बोट घेणे सोपे झाले आहे. पण तुटलेली वितळजोड घरच्या अवजारांनी भरून येत नाही. रिव्हेटची बोट येते. जुन्या बांधणीचे मोल तिथे आहे.

या बोटींचा इतिहास लिहिण्यातली खरी अडचण वेगळीच आहे. अमेरिकेत बोटीच्या कायेवर ठरावीक पद्धतीचा ओळखक्रमांक 1 नोव्हेंबर 1972 पासून सक्तीचा झाला. त्याआधीच्या बोटींना असा क्रमांक नाही, आणि शिवाय अ‍ॅल्युमिनियमला भंगारात चांगला भाव आहे, त्यामुळे त्या वितळवल्या जातात. अशा बोटीबद्दलचा पुरावा म्हणजे खुद्द बोट: पत्र्याची जाडी, रिव्हेटमधले अंतर, फासळ्यांचा घाट, अस्तराचा रंग, प्लायवुडवरचा शिक्का. हे सगळे पाहायला मिळते ते ती उघडणाऱ्याला, आणि तेही एकदाच, कारण नंतर ते लाकूड कचऱ्यात जाते. म्हणून परदेशातल्या मराठी घरांतही जर कोणाच्या अंगणात अशी बोट आली असेल, तर त्यांना एवढीच विनंती: ट्रान्सम उपसण्याआधी पाटीचे आणि आतल्या थरांचे फोटो काढा, मापे वहीत लिहा, आणि त्याची एक प्रत जवळच्या स्थानिक संग्रहालयाला द्या.