नुसतं वाचलं, तरी लिहिलं जातं

मंडळी, थेरगावात आज जमलेले बरेच जण भोसरी-चाकणच्या कारखान्यांत काम करणारे, म्हणून तिथलंच उदाहरण घेऊ. समजा, वर्कशॉपच्या लिनक्स सर्व्हरवर एका पार्टचं ड्रॉइंग आहे. महिनाभर त्याला कुणी हात लावलेला नाही. सोमवारी सकाळी ९ ला एका ऑपरेटरने ते उघडलं, दुपारी ३ ला दुसऱ्याच कुणीतरी. पुढे ड्रॉइंग बाहेर गेल्याचं कळलं. साहेबांनी फाइलवरची वेळ पाहिली : शेवटचं वाचन, सोमवार, सकाळी ९. संशय कुणावर? पहिल्यावर. हे कसं होतं, ते कळायला थोडा इतिहास बघावा लागतो.

१९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये प्रत्येक फाइलच्या नोंदीत, म्हणजे आयनोडमध्ये, तीन वेळा असत. एटाइम वाचल्याची, एमटाइम मजकूर बदलल्याची, सीटाइम खुद्द नोंद बदलल्याची. सीटाइम म्हणजे फाइल तयार झाल्याची वेळ नव्हे. तिथे पुष्कळ जण फसतात.

गोम आहे एटाइमची. नुसतं वाचलं तरी नोंद बदलते, आणि बदललेली नोंद डिस्कवर उतरवावी लागते. ग्रंथालयात पुस्तक चाळलं तरी दर वेळी रजिस्टर भरायचं, तसंच हे. फाइल आधीच मेमरीत असली तरी सुटका नाही. २००७ मध्ये इंगो मोलनार यांनी यावर कडक टीका केली.

मग नोंद बंदच का करू नये? 'नोएटाइम' हा पर्याय होताच. पण मट हा मेल प्रोग्राम एटाइम आणि एमटाइम ताडून नवं टपाल ओळखायचा. जुन्या तात्पुरत्या फाइली झाडणारे प्रोग्रामही एटाइम बघायचे. म्हणून 'रेलएटाइम' ही तडजोड निघाली : एटाइम इतर दोन वेळांच्या मागे पडला असेल तरच लिहायचं. २००९ च्या २.६.३० कर्नेलपासून हीच पद्धत आपोआप लागू झाली, आणि नोंद २४ तासांहून जुनी असली तरी लिहायची, ही भर पडली. २०१५ च्या ४.० मध्ये 'लेझीटाइम' आला : वेळा मेमरीत ताज्या ठेवायच्या, डिस्कवर सावकाश उतरवायच्या.

आता सोमवारकडे या. ९ वाजता जुनी नोंद महिन्याची होती, म्हणून नवी लिहिली गेली. ३ वाजता २४ तास झालेच नव्हते, म्हणून लिहिली गेली नाही. यंत्रात बिघाड नाही. आपण तिला 'शेवटचं वाचन' म्हटलं, ही चूक आपली.

मशीनवरच्या मेमरी कार्डाला लिहिण्याची मर्यादा असते, तिथे नोएटाइम खुशाल लावा. पण कुणाच्या नोकरीचा प्रश्न असेल, तर आधी माउंट कमांडने कुठला पर्याय लागू आहे ते बघा. कोण काय वाचतं याचा पुरावा हवा असेल, तर ऑडिटची नोंद आधीपासूनच चालू ठेवावी लागते.