सिंह, गाढवे आणि कुतचा वेढा

नेतृत्वावर कोरडे ओढणारा एक वाक्प्रचार इंग्रजीत फार लोकप्रिय आहे : ‘लायन्स लेड बाय डाँकीज’, म्हणजे गाढवांच्या हुकमाखाली लढणारे सिंह. शिपाई शूर, सेनापती मूर्ख, असा त्याचा सरळ अर्थ. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश सैन्याबद्दल तो इतक्या वेळा वापरला गेला, की तो त्या युद्धावरचा अंतिम निकालच वाटू लागला. त्याचा माग काढताना मला दोन प्रश्न महत्त्वाचे वाटले. तो आला कुठून? आणि तो खरा कितपत?

कल्पना जुनी आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला अथेन्सचा सेनापती चाब्रियस याच्या नावावर प्लूटार्कने एक वचन नोंदवले आहे. हरणाच्या नेतृत्वाखालील सिंहांपेक्षा सिंहाच्या नेतृत्वाखालील हरणांचे सैन्य अधिक भयंकर, असा त्याचा आशय. क्रिमियन युद्धात ब्रिटिश शिपायांविषयी आणि १८७०-७१च्या युद्धात फ्रेंच शिपायांविषयी गाढवांची उपमा वापरली गेल्याचे सांगतात. १९२७ साली पी. ए. थॉम्प्सन यांनी हेच शब्द आपल्या पुस्तकाच्या शीर्षकाला दिले.

वाक्प्रचार घराघरांत पोहोचला तो १९६१मध्ये, अ‍ॅलन क्लार्क यांच्या ‘द डाँकीज’ या पुस्तकामुळे. आरंभीच त्यांनी लुडेनडॉर्फ आणि हॉफमन या जर्मन सेनानींचा संवाद दिला. इंग्रज सिंहासारखे लढतात, असे एक म्हणतो. पण त्यांचे पुढारी गाढव आहेत ना, असे दुसरा सुचवतो. आधार म्हणून फाल्केनहाइन यांच्या आठवणींकडे बोट दाखवले होते. इतिहासकारांनी तिथे शोध घेतला, तर संवाद सापडला नाही. शिवाय त्या युद्धात सत्तरहून अधिक ब्रिटिश जनरल प्राणांस मुकले आणि १९१८ साली याच सैन्याने जर्मनांना मागे रेटले. म्हणजे गाढवांचे चित्र एकरंगी आहे.

परंतु मराठी वाचकाने फ्रान्सवरून नजर काढून मेसोपोटेमियाकडे, आजच्या इराककडे, पाहावे. तिथल्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. सप्टेंबर १९१५मध्ये जनरल टाउनशेंड यांनी कुत घेतले. पुढे बगदादवर चालून जायला सैन्य आणि रसद अपुरी आहे, ही शंका त्यांनी वरिष्ठांना कळवली होती. जनरल निक्सन यांचा मात्र आग्रह होता. व्हाइसरॉय हार्डिंग आणि लंडनचे मंत्रिमंडळ यांनीही होकार दिला. नोव्हेंबरात टेसिफॉन येथे फौज रक्तबंबाळ झाली आणि कुतला परतली. जखमींना बोटींच्या उघड्या डेकवर दाटीवाटीने घालून बसऱ्याला पाठवण्यात आले.

७ डिसेंबरला वेढा पडला. सुटकेच्या प्रयत्नांत वेढ्यातल्या फौजेपेक्षा जास्त माणसे मारली गेली वा जखमी झाली. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० जण शरण गेले. टाउनशेंड यांची बंदीवासातली व्यवस्था इस्तंबूलजवळच्या बेटावर, बंगल्यात झाली. शिपायांना वाळवंटातून पायी हाकलले गेले. ब्रिटिश शिपायांपैकी निम्म्याहून अधिक आणि हिंदी कैद्यांपैकी हजारो परतलेच नाहीत.

१९१७मध्ये चौकशी आयोगाने सर्वांत मोठा दोष निक्सन यांना दिला; हार्डिंग यांच्यावरही ठपका ठेवला. राजीनामा मात्र दिला भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांनी, ज्यांच्याकडे प्रत्यक्ष दोष तुलनेने थोडा होता. हार्डिंग लंडनच्या परराष्ट्र खात्यातील वरिष्ठ पदावर कायम राहिले.

यात गाढव कोणता? एक बोट दाखवता येत नाही. शंका असूनही कूच करणारा, बसऱ्याहून आग्रह धरणारा, सिमल्याहून मान डोलावणारा, लंडनहून मंजुरी देणारा, अशी ती साखळी आहे. मूर्खपणापेक्षा अंतराचा दोष अधिक दिसतो. त्यासाठी आपल्याकडे नेमका वाक्प्रचार आहे : उंटावरून शेळ्या हाकणे. इंग्रजी वाक्प्रचार पुढाऱ्याची अक्कल काढतो, मराठी त्याची बैठक दाखवतो. कुतच्या बाबतीत मला मराठी अधिक अचूक वाटतो.

इंग्रजी वाक्प्रचारात शिपायाला निदान सिंह तरी म्हटले आहे, असे कोणी म्हणेल. पण हा मान फुकटचा असतो. १९२९ साली उभारलेल्या बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. तिथे ब्रिटिश शिपायांची नावे कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीखाली केवळ संख्या लिहिली गेली. स्मारकांची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ साली या विषमतेबद्दल माफी मागितली. ज्या सिंहांची नावे शंभर वर्षे दगडावर आली नाहीत, त्यांत सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची किती होती, हे त्या आकड्यांवरून कळत नाही.