हौशी बिनतारी संदेशजालाचा उदय व ऱ्हास : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
दळणवळणाच्या इतिहासात टपाल, तार, दूरध्वनी व आंतरजाल यांचाच प्रामुख्याने विचार होतो. मात्र आंतरजाल सर्वसामान्यांपर्यंत पोहोचण्यापूर्वी हौशी बिनतारी चालकांनी, म्हणजेच हॅम मंडळींनी, स्वखर्चाने उभारलेले एक संदेशजाल अस्तित्वात होते. प्रस्तुत निबंधात त्याचा उदय, ऱ्हास व इतिहाससाधन म्हणून त्याचे मोल यांचा विचार केला आहे.

उदय व कार्यपद्धती :
१९७१ मध्ये हवाई विद्यापीठाने संगणक रेडिओलहरींनी जोडले. १९७८ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथील हौशी चालकांनी हे तंत्र आपलेसे केले. १९८४ मध्ये 'एएक्स २५' या संकेतपद्धतीची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध झाली. संदेशाचे लहान तुकडे करून ते रेडिओवरून पाठविले जात. पोच न मिळाल्यास तोच तुकडा पुन्हा पाठविला जाई. एक केंद्र संदेश साठवी व सवडीने पुढच्या केंद्राकडे सोपवी. शेगावहून निघालेली श्रीगजानन महाराजांची पालखी पातूरमार्गे मुक्काम करीत पंढरपूर गाठते, तसाच हा टप्प्याटप्प्याचा प्रवास होता. प्रचलित वेग सेकंदाला १२०० बिट, म्हणजे फार तर १५० अक्षरे इतकाच होता.

ऱ्हासाची कारणे :
भारतात १९७८ च्या नियमांनुसार हौशी केंद्रावरून व्यापारी संदेश पाठविण्यास मनाई होती. त्यामुळे हे जाल परवानाधारकांपुरतेच मर्यादित राहिले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आंतरजाल जनतेसाठी खुले केले. ई-मेल कोणालाही पाठविता येऊ लागला, तेव्हा मंद गतीच्या या मार्गाचे आकर्षण ओसरले. शिवाय प्रत्येक केंद्र एखाद्या व्यक्तीच्या हौसेवर चालत असे. त्या व्यक्तीने यंत्र बंद केले की साखळीतील एक कडी निखळे. तंत्र मात्र समूळ नष्ट झाले नाही. स्थाननिर्देशक 'एपीआरएस' प्रणालीत तीच संकेतपद्धती आजही वापरली जाते.

इतिहाससाधनांचा प्रश्न :
३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर व २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपानंतर हॅम चालकांनी संदेशवहनास साहाय्य केले. अशा सेवेचा इतिहास कशाच्या आधारे लिहावा? १५ जुलै २०१३ पासून तारसेवा बंद झाली. तरी जुन्या तारांचे कागद अनेक घरांतील ट्रंकांत सापडतात. संदेशजालातील मजकूर मात्र केंद्राच्या संगणकाबरोबरच नाहीसा झाला. पातूरची लेणी शतकानुशतके उभी आहेत आणि तीस वर्षांपूर्वीचा संदेश मात्र हाती लागत नाही, ही विसंगती अंतर्मुख करणारी आहे.

तथापि, एक साधन शिल्लक असण्याची शक्यता आहे. परवानाधारकास प्रत्येक संपर्काची वेळ, लहर व समोरच्या केंद्राचे संकेतनाम नोंदवहीत लिहावे लागे. संपर्काच्या पुष्टीसाठी टपालाने 'क्यूएसएल' पत्रेही येत. संदेशातील मजकूर त्यांत नसला, तरी कोण, केव्हा व कोणाशी जोडले गेले, हे त्यांवरून समजते.

निष्कर्ष :
सदर संदेशजालाचा ऱ्हास केवळ मंद गतीमुळे झाला नाही. मर्यादित प्रवेश व व्यक्तिनिर्भरता हीही त्याची कारणे होत. वऱ्हाडातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आपल्या परिसरातील वयोवृद्ध चालकांचा शोध घेऊन त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात व नोंदवह्यांच्या प्रती जतन कराव्यात. दिवाळीच्या साफसफाईत या वह्या रद्दीत गेल्या, तर हा इतिहास लिहिण्याचा आधारच उरणार नाही.